अंतराळ-व्यापाराच्या खेळात कामगिऱ्यांचा फलक: एका बदलाचे प्रकरण

टेलनेटवर (दूरच्या संगणकाशी निव्वळ मजकुराच्या पडद्याने जोडणाऱ्या जुन्या पद्धतीवर) चालणाऱ्या एका हौशी बुलेटिन बोर्डवर, म्हणजे लोक बाहेरून जोडून संदेश लिहितात आणि खेळ खेळतात अशा संगणकावर, मी अंतराळ-व्यापाराचा एक बहुखेळाडू खेळ चालवतो. तो मी फ्री पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिला असून पुणे, नाशिक आणि न्यू जर्सी येथले मिळून आम्ही अकरा जण तो नियमाने खेळतो. पहिले दोन आठवडे सगळे उत्साहाने खेळले, तिसऱ्या आठवड्यात खेळ मंदावला, आणि त्यात जीव यावा म्हणून यादृच्छिक कामगिऱ्या घालायचे ठरले. माल पोहोचवणे, पाहणी करणे, कोणाला तरी हुडकून काढणे अशी छोटी कामे रोज नव्याने फलकावर लागावीत, खेळाडूने त्यातले एखादे उचलावे आणि मोबदला घ्यावा, एवढीच मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात ती नीट बसायला तीन फेरलेखने लागली. त्यांत काय बिघडले, का बिघडले आणि शेवटी कोणत्या रचनेवर आम्ही स्थिरावलो, हे येथे मांडत आहे.

खेळ आणि त्याचे घराणे

महाराष्ट्रातल्या बहुतेकांचा इंटरनेटशी संबंध १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाची सेवा सर्वांसाठी खुली झाल्यानंतरचा आहे, त्यामुळे त्याआधीच्या बुलेटिन बोर्डविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी असा पहिला सार्वजनिक बोर्ड सुरू केला. एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन एवढ्यावर तो चाले. एका वेळी एकच जण फोन लावू शकत असे; त्याचे काम संपले की लाइन मोकळी होई आणि दुसऱ्याचा नंबर लागे. पुढे या बोर्डांवर खेळ आले. बोर्डचे सॉफ्टवेअर खेळाडूची माहिती एका छोट्या फाइलमध्ये लिहून खेळाचा स्वतंत्र प्रोग्रॅम चालू करी, म्हणून अशा खेळांना ‘डोअर’ म्हणत. खेळाडू एकाच विश्वात वावरत, पण बहुधा एकाच वेळी नाही. आदल्याने मागे ठेवलेल्या खुणा पुढच्याच्या नजरेस पडत. पुढे घडलेले जवळजवळ सगळे या एका गोष्टीशी जोडलेले आहे.

या घराण्यातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे गॅरी मार्टिन यांचा ‘ट्रेडवॉर्स २००२’. त्याच्या मागे क्रिस शेरिक यांचा १९८४ मधला ‘ट्रेड वॉर्स’ आहे, आणि त्याच्याही मागे डेव्ह कॉफमन यांचा १९७४ मधला ‘स्टार ट्रेडर’. माझ्या खेळाचे नियम याच परंपरेतले आहेत. विश्वात एक हजार सेक्टर, म्हणजे थांबण्याची ठिकाणे, आहेत, प्रत्येकातून जास्तीत जास्त सहा वाटा निघतात आणि त्यांतल्या काही एकेरी आहेत. इंधन-खनिज, जैविक माल आणि यंत्रसामग्री असे तीन माल आहेत, आणि प्रत्येक बंदर त्यांतले काही विकत घेते तर काही विकते. खेळाडूला रोज २४० टर्न, म्हणजे चाली, मिळतात. एका सेक्टरमधून दुसऱ्यात उडी मारायला तीन टर्न जातात आणि बंदरात व्यवहार करायला एक.

खेळ का मंदावला, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. शेजारशेजारच्या दोन सेक्टरांत एकमेकांना पूरक अशी दोन बंदरे सापडली की खेळाडू इकडून यंत्रसामग्री घेऊन तिकडे विकतो आणि तिकडून जैविक माल घेऊन इकडे विकतो. साठ मालखणांच्या जहाजात यंत्रसामग्रीवर खणामागे ३६ आणि जैविक मालावर १८ क्रेडिट (खेळातला पैसा) नफा धरला, तर एका फेरीत ३,२४० क्रेडिट पदरात पडतात. फेरीला दोन उड्यांचे सहा आणि दोन व्यवहारांचे दोन असे आठ टर्न लागतात, म्हणजे टर्नमागे ४०५ क्रेडिट. दिवसाच्या २४० टर्नमध्ये अशा तीस फेऱ्या होतात. खेळाडू घाण्याच्या बैलासारखा तीसदा तेच करतो, ९७,२०० क्रेडिट मिळवतो आणि निघून जातो. एक हजार सेक्टरांपैकी त्याच्या उपयोगाचे दोनच उरतात, आणि ज्या बंदरांवर कोणी फिरकतच नाही तेथे कोणाची कोणाशी गाठही पडत नाही. बहुखेळाडू खेळाला खरा धोका याच गोष्टीचा होता. कंटाळ्यापेक्षा लोक एकमेकांच्या वाटेतून नाहीसे झाले होते, हे मला अधिक गंभीर वाटले.

पहिली रचना आणि तिची पळवाट

पहिली रचना मी एका संध्याकाळी लिहिली. खेळाडू मध्यवर्ती गोदीवर उतरला की प्रोग्रॅमने त्याच्यापुढे तीन कामगिऱ्या मांडायच्या. कामाचा प्रकार, लक्ष्य-सेक्टर आणि ५,००० ते १०,००० च्या दरम्यानचा मोबदला, सगळे जागच्या जागी चिठ्ठ्या काढल्यासारखे ठरे. चाळीसपैकी एका चिठ्ठीवर मात्र ‘घबाड’ होते आणि त्याचा मोबदला एक लाख क्रेडिट होता. एखाद्याचे नशीब उघडावे, असा त्यामागे विचार होता.

चौथ्या दिवशी बोर्डची नोंदवही पाहताना एक ओळ पुन्हा पुन्हा दिसली. एकाच खेळाडूने अकरा मिनिटांत तेवीस वेळा खेळात प्रवेश केला होता आणि तेवीस वेळा तो लगेच बाहेर पडला होता. कनेक्शन तुटत असावे असे समजून मी त्याला विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की फलक आवडला नाही की तो बाहेर पडून परत येत होता, कारण परत आले की नवा फलक मिळे.

कारण साधे होते, आणि ते डोअर खेळाच्या स्वभावातच आहे. प्रत्येक प्रवेशाला प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो. सुरुवातीला ‘रँडमाइझ’ ही आज्ञा संगणकाच्या घड्याळावरून नवे बीज, म्हणजे सुरुवातीचा अंक, घेते आणि त्या बीजावरून पुढचे सगळे अंक निघतात. म्हणजे खेळाडूला फुकटात हव्या तितक्या चिठ्ठ्या काढता येत होत्या. तेवीस प्रवेश म्हणजे एकोणसत्तर चिठ्ठ्या, आणि चाळीसपैकी एका घबाडाच्या हिशेबाने त्यांत निदान एक घबाड लागण्याची शक्यता सुमारे ८३ टक्के होते. ज्याच्याकडे अकरा मिनिटांचा संयम होता त्याला दिवसाच्या सगळ्या कमाईपेक्षा मोठी रक्कम जवळजवळ हमखास मिळत होती, तीही जहाज जागचे न हलवता.

मी त्याला दोष दिला नाही. नियमांत जे बसत होते ते त्याने केले होते, आणि स्वतःहून सांगितल्यामुळे दुरुस्ती लवकर झाली. हा दोष खेळाडूच्या सचोटीवर सोडण्यासारखा नव्हता, कारण चिठ्ठी कोणी काढायची आणि कधी काढायची हा रचनेचा प्रश्न आहे. ज्याचा फायदा आहे त्याच्याच हातात तो क्षण दिला, तर यादृच्छिकता उरत नाही, तेथे निवड होते.

चिठ्ठी रात्री एकदाच

दुसऱ्या रचनेत मी चिठ्ठ्या काढण्याचे काम खेळाडूच्या प्रवेशापासून पूर्णपणे तोडले. या परंपरेतल्या खेळांना रात्रीची देखभाल असतेच; ‘ट्रेडवॉर्स २००२’ मध्येही त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम होता. बंदरांचा साठा भरणे, टर्न नव्याने देणे ही कामे तेव्हा होतात. त्याच वेळी दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या कामगिऱ्या ठरवून एका फाइलमध्ये लिहिल्या, तर त्या सर्वांना सारख्याच दिसतात आणि कितीही वेळा आत-बाहेर केले तरी बदलत नाहीत. एका कामगिरीची नोंद बत्तीस बाइटांची आहे: क्रमांक, प्रकार, स्थिती, उगम, लक्ष्य, माल, नग, मोबदला, घेणाऱ्याचा क्रमांक, लागल्याचा दिवस, मुदतीचा दिवस आणि बीज मिळून पंचवीस बाइट भरतात, उरलेले सात पुढच्या गरजांसाठी मोकळे ठेवले आहेत. चाळीस कामगिऱ्यांची संपूर्ण फाइल १,२८० बाइटांची होते.

बीज नोंदीतच ठेवण्यामागे एक कारण आहे. एखाद्याने तक्रार केली की हा आकडा असा कसा आला, तर तेच बीज देऊन तीच चिठ्ठी त्याच्यासमोर पुन्हा काढून दाखवता आली पाहिजे. येथे एक अडचण आली. टर्बो पास्कल या पास्कलच्या जुन्या रूपातला यादृच्छिक अंकांचा नियम आणि फ्री पास्कलमधला नियम वेगळे आहेत, त्यामुळे एकाच बीजावरून दोन्हीकडे वेगळे अंक निघतात. म्हणून मी जुना नियमच स्वतः लिहून घेतला: आधीच्या अंकाला १३,४७,७५,८१३ ने गुणायचे, त्यात एक मिळवायचा आणि शेवटचे बत्तीस बिट तेवढे ठेवायचे. तीन ओळींचे काम आहे आणि ते कोणत्याही यंत्रावर सारखेच चालते. फक्त दिवसाच्या क्रमांकाला बीज मानले, तर हा नियम माहीत असलेला खेळाडू पुढच्या आठवड्याचा फलक घरबसल्या काढू शकेल, म्हणून त्यात विश्व निर्माण होताना ठरलेला एक गुप्त अंक मिसळला आहे. अंदाज बांधता येऊ नये, पण नंतर पडताळता यावे, या दोन्ही गोष्टी हव्या असतील तर दुसरा मार्ग मला दिसला नाही.

रात्र कोणाची, हाही प्रश्न होताच. देखभाल भारतीय वेळेनुसार मध्यरात्री बारा वाजता चाले. तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात दीड वाजलेले असतात, म्हणजे तेथले चौघे ऑफिसात असत आणि त्यांची संध्याकाळ होईपर्यंत चांगली कामे पुण्यातल्या जागरण करणाऱ्यांनी उचललेली असत. आता कामगिऱ्या ठरतात मध्यरात्रीच, पण निम्म्या लगेच खुल्या होतात आणि निम्म्या बारा तासांनी.

अंतर, परतीची वाट आणि मोबदला

घबाडाची चिठ्ठी बंद झाल्यावर दुसरा दोष उघडा पडला: उरलेल्या कामगिऱ्या कोणी घेतच नव्हते. वरचा हिशेब पुन्हा पाहिला की कारण कळते. लक्ष्य नऊ उड्यांवर असेल तर उड्यांचे सत्तावीस आणि दोन व्यवहारांचे दोन असे एकोणतीस टर्न जातात. तेवढ्या टर्नमध्ये जोड-व्यापार करणारा ११,७४५ क्रेडिट मिळवतो, आणि मी त्या कामाचे सरासरी साडेसात हजार देत होतो. या खेळातले खरे चलन टर्न आहे, क्रेडिट नव्हे. मोबदला ठरवताना मी माल, धोका, प्रतिष्ठा असल्या गोष्टींचा विचार केला होता आणि खेळाडू रोज ज्याची काटकसर करतो तीच गोष्ट हिशेबात धरली नव्हती.

आता मोबदल्याचे सूत्र एका ओळीचे आहे: जाण्याचे टर्न, गुणिले टर्नमागची चालू कमाई, अधिक पंधरा टक्के. वरच्या उदाहरणात १३,५०७ क्रेडिट होतात. परतीचे टर्न मी मुद्दाम धरत नाही, कारण परतताना खेळाडूचे खण रिकामे असतात आणि वाटेतल्या बंदरांशी त्याने स्वतः व्यापार करावा अशी अपेक्षा आहे. टर्नमागची कमाई ४०५ वर गोठवलेली नाही. गेल्या सात दिवसांच्या व्यवहारांवरून रोज रात्री तिचा मध्यक काढला जातो. एखादी बंदरांची जोडी ओस पडली किंवा नवी सापडली, तर फलकावरचे मोबदलेही त्यासोबत हलतात.

परतीचे टर्न धरले नाहीत तरी परतीचे अंतर दाखवायला मात्र हवे होते, हे एका नुकसानीनंतर कळले. एका खेळाडूने सात उड्यांवरचे सोपे काम घेतले. लक्ष्याआधीची वाट एकेरी होती, परतीचा जवळात जवळचा मार्ग अडतीस उड्यांचा निघाला आणि त्याला ११४ टर्न लागत होते. त्याच्याकडे तितके उरले नव्हते. रात्रभर जहाज उघड्यावर राहिले आणि सकाळपर्यंत दुसऱ्या कोणीतरी ते फोडले. त्याची तीन आठवड्यांची मिळकत त्या जहाजात होती. खेळात जहाज फुटणे नियमाला धरूनच आहे. परंतु ज्या धोक्याची खेळाडूला कल्पना येण्याचा कोणताही मार्ग नव्हता, त्या धोक्यात त्याला फलकाने ढकलले होते, आणि ते मला पटले नाही. मी त्याचे जहाज परत केले आणि अंतर मोजण्याची रीत बदलली. गोदीपासून सुरुवात करून एकेक थर ओलांडत सगळ्या सेक्टरांची अंतरे एकदा सुलट वाटांनी आणि एकदा उलट वाटांनी काढली जातात. एक हजार सेक्टर आणि फार तर सहा हजार वाटा म्हणजे आजच्या यंत्राला निमिषाचे काम आहे. परतीचे अंतर जाण्याच्या तिपटीहून अधिक असेल तर ती चिठ्ठी बाद होते. बाकीच्या प्रत्येक ओळीत ‘जाणे ९, परत १४’ असे दोन्ही आकडे दिसतात. ऐंशी अक्षरांच्या ओळीत ही दोन अंतरे बसवण्यासाठी कामगिरीचे अर्धे वर्णन कापावे लागले, आणि ते वर्णन कोणालाही आठवले नाही.

पैसा कोठून येतो

कामगिऱ्या लोकप्रिय झाल्या तसा विश्वातला पैसा वाढू लागला. जहाजांच्या आणि लढाऊ विमानांच्या किमती खेळात ठरलेल्या असल्यामुळे महागाई भावांत दिसत नाही, ती शस्त्रांत दिसते. दहा दिवसांत महत्त्वाच्या चौकांत लढाऊ विमानांचे थवे इतके वाढले की नवा खेळाडू गोदीच्या बाहेर पडू शकेना. एकट्याने खेळायच्या खेळांत हा प्रश्न येत नाही. १९९३ मधल्या ‘फ्रंटिअर: एलिट २’ या डेव्हिड ब्रेबेन यांच्या खेळात प्रत्येक तळावर असा कामांचा फलक आहे, पण तेथे मिळालेल्या जादा पैशाचा परिणाम त्या एकाच खेळाडूवर होतो. सामायिक विश्वात एकाला हवेतून दिलेला क्रेडिट दुसऱ्याच्या दारात शस्त्र होऊन उभा राहतो.

म्हणून आता प्रत्येक विक्रीवर दोन टक्के कर आहे आणि तो एका सामायिक खजिन्यात जमा होतो. रात्री खजिन्यातल्या शिलकेचा चौथा हिस्सा कामगिऱ्यांसाठी बाजूला निघतो. शिल्लक ३,२०,००० असेल तर त्या दिवशी ८०,००० क्रेडिटची, म्हणजे वरच्यासारखी पाचच कामे फलकावर लागतात. मंदीच्या दिवसांत फलक आखूड असतो. काही खेळाडूंना हे सुरुवातीला खटकले, पण आखूड फलक पाहून कोणी कोणाला ‘व्यापार करा रे’ असे लिहू लागले, तेव्हा मला ही रचना योग्य वाटू लागली.

त्याच फेरीत लक्ष्य निवडण्याची पद्धतही बदलली. आधी हजार सेक्टरांतून कोणताही एक निघे, त्यामुळे ‘अमुक बंदराला औषधांची निकड आहे’ हे वाक्य निव्वळ सजावट होते; त्या बंदराला कसलीच निकड नसे. आता प्रत्येक बंदराची न भागलेली मागणी किती साचली आहे ते पाहिले जाते, तिचा वर्ग केला जातो आणि त्या प्रमाणात त्या बंदराच्या नावाच्या चिठ्ठ्या पडतात. नव्वद टक्के मागणी तुंबलेल्या बंदराची शक्यता तीस टक्केवाल्याच्या नऊपट होते. ज्या बंदराकडे कोणी फिरकलेले नसते त्याचीच मागणी सर्वांत जास्त साचते, म्हणून चिठ्ठी आपोआप खेळाडूंना विश्वाच्या ओसाड भागाकडे नेते. खेळ मंदावण्याचे जे कारण मी वर सांगितले, त्यावर खरा इलाज हा ठरला.

एक काम, अनेक हात

टेलनेटवर बोर्डच्या अनेक लाइन असतात, त्यामुळे दोन जण एकाच क्षणी फलकासमोर येऊ शकतात. एका रात्री सतरा क्रमांकाचे काम दोघांनी एकाच मिनिटात घेतले, दोघांनाही पोच मिळाली, दोघांनीही माल भरला, आणि मागून पोहोचलेल्याला बंदराने हात हलवत परत पाठवले. दोन्ही प्रोग्रॅमांनी नोंद वाचली तेव्हा ती ‘खुली’ होती, आणि मग दोन्हींनी आपापले नाव लिहिले. वाचणे, तपासणे आणि लिहिणे या तिन्ही क्रिया आता फाइलला कुलूप लावूनच होतात. डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळात यासाठी ‘शेअर’ हा प्रोग्रॅम आधी चढवून ठेवावा लागे. लिनक्सवर एका आज्ञेत काम होते.

हुडकून मारण्याच्या कामांत वेगळाच प्रश्न होता. खजिना एखाद्या खेळाडूवर बक्षीस लावू लागला की त्याचा मित्र त्याला संगनमताने मारू शकतो आणि रक्कम वाटून घेता येते. यावर पहारा ठेवणे मला शक्य नव्हते, म्हणून बक्षीस मरणाऱ्याच्या जहाजाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक कधीच होणार नाही असे बांधून टाकले. संगनमत अजूनही करता येते, फक्त त्यात दोघांचा तोटा होतो.

फलक सर्वांना दिसतो, म्हणून लक्ष्यावर कोणी आधीच दबा धरून बसू शकतो. त्यासाठी फलकावर विभाग आणि अंतरे तेवढी दिसतात. नेमका सेक्टर काम घेतल्यावरच कळतो. तरीही काही जण बंदरांच्या तुंबलेल्या मागणीवरून लक्ष्य ओळखतात आणि वाटेत थांबतात. ते मी अडवत नाही. विश्वाचे निरीक्षण करून बांधलेला अंदाज हा चांगला खेळ आहे.

या सगळ्यांत सर्वांत समाधान देणारा प्रकार ठरला तो साखळी कामगिरीचा, आणि तो सर्वांत शेवटी सुचला. गोदीपासून एकतीस उड्यांवरच्या बंदराला माल हवा असेल तर प्रोग्रॅम वाटेत मधले बंदर निवडतो, उदाहरणार्थ चौदा उड्यांवरचे, आणि अट घालतो की पहिला टप्पा ज्याने केला त्याने दुसरा करायचा नाही. पहिल्या टप्प्याचे २०,४९३ आणि दुसऱ्याचे २४,६८५ क्रेडिट होतात. पहिल्याला निम्मी रक्कम मधल्या बंदरावर मिळते आणि उरलेली माल शेवटी पोहोचल्यावर. त्यामुळे माल टाकून मोकळे होण्यापेक्षा दुसऱ्याला गाठण्यात त्याचा फायदा असतो. ही अट लागू झाल्यानंतर बोर्डच्या संदेश-विभागात नाशिकच्या एकाने न्यू जर्सीतल्या आपल्या थोरल्या मित्राला लिहिले: “दादा, ४०६ ला माल टाकलाय, तुमच्या संध्याकाळी उचला. ४११ मधून येऊ नका, तिथे कोणाचीतरी विमानं बसलीत. ४०९ मोकळा आहे, मी आत्ताच तिथून आलो.” एकाच वेळी खेळात नसलेली दोन माणसे एकमेकांच्या वाटेची काळजी घेत होती. टेलिफोनच्या एका लाइनवर पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या खेळात जे होते, तेच वेगवेगळ्या खंडांतल्या दोन दिवसांमध्ये पुन्हा उभे राहिले होते.

काम घेतल्यावर जग बदलले तर

शेवटचा प्रश्न वचनाचा होता. एकट्याच्या खेळात लक्ष्य खेळाडूची वाट पाहत थांबते. येथे काम घेतल्यापासून पोहोचेपर्यंत इतर दहा जण तेच विश्व बदलत असतात. फलकाने दिलेला शब्द कोणत्या मर्यादेपर्यंत पाळायचा, हे ठरवणे भाग होते. ‘जग बदलले, काम रद्द’ हे लिहायला सर्वांत सोपे होते आणि काही दिवस तसेच चालले, पण त्यामुळे लांबची कामे घेण्याचे धैर्य कोणी करेना. आता काम घेताना ठरलेला मोबदला कधीही कमी होत नाही, मग नंतर मध्यक खाली आला तरी. वाट बंद झाली तर मुदत दोन दिवसांनी वाढते. लक्ष्यच नाहीसे झाले तर जितक्या उड्या झाल्या त्या प्रमाणात पैसे मिळतात आणि माल खेळाडूकडेच राहतो. ही देणी आधी भागतात, मगच खजिन्यातून नव्या कामांचा हिस्सा निघतो.

गेल्या महिन्यात याची पहिली खरी कसोटी लागली. एक खेळाडू अकरा उड्यांचे काम घेऊन सेक्टर ६०३ कडे निघाला होता आणि नऊ उड्या पूर्ण करून थांबला होता. त्याच संध्याकाळी दुसऱ्याने आपल्या प्रतिस्पर्ध्याचा व्यापार तोडण्यासाठी ६०३ मधले बंदर उडवून दिले. पहिल्याला मोबदल्याचे अकरापैकी नऊ भाग मिळाले आणि खणांतली यंत्रसामग्री त्याच्याकडेच राहिली. देखभालीच्या प्रोग्रॅमने त्या भागातली साचलेली मागणी मोजली तेव्हा बंदरच नसल्यामुळे तिचा सगळा भार ६०३ वरच आला, आणि दुसऱ्या दिवशी फलकाच्या पहिल्या ओळीत तेथे नवे बंदर उभारण्यासाठी यंत्रसामग्री मागणारी साखळी कामगिरी लागली. पहिला टप्पा बंदर उडवणाऱ्यानेच घेतला, कारण त्याच्या स्वतःच्या मालालाही आता त्या बाजूला गिऱ्हाईक उरले नव्हते. दुसऱ्या टप्प्यासाठी त्याने जो संदेश लिहिला, तो दोन उड्या आधी थांबलेल्या त्या खेळाडूला उद्देशून होता.